दोन गटारांमधली भिंत

मित्रांनो, मी कातडी कमावण्याच्या कारखान्यातला एक जुना लाकडी ढोल आहे. ढोल म्हटल्यावर तुमचे हात शिवशिवले असतील, तर ते खिशातच राहू द्या. मला कोणी वाजवत नाही. माझ्या अंगावर थाप मारलीत तर हाताला खारट, आंबट, बुळबुळीत असे काहीतरी लागेल आणि साबणाची अख्खी वडी झिजवली तरी जेवताना तो हात तोंडाजवळ न्यावासा वाटणार नाही. मी दोन माणसांच्या उंचीचा आहे. आडवा असतो. दोन्ही बाजूंना लोखंडी आस आहे आणि मोटार मला त्यावर सावकाश गरगर फिरवते. माझ्या पोटात कातडी असतात, मीठ असते, पाणी असते आणि आम्ल असते. तुमच्या पायातले बूट, तुमच्या वडिलांचा पट्टा, तुमच्या दप्तराचा बंद, हे सगळे कधीतरी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी पोटात लोळून आलेले असते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे नाक मुरडताना तुम्हाला आपले बूट आठवतील.

माझा जन्म मात्र स्वच्छ होता. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. टणक, तेलकट लाकडाच्या फळ्या त्याने एकीला एक अशा बसवल्या की मधे कागदही शिरू नये. बाहेरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. आत कातडी उचलून आपटण्यासाठी मनगटाएवढ्या लाकडी खुंट्या बसवल्या. आतल्या बाजूला लोखंडाचा एकही खिळा नाही, कारण आम्लाने तो बघता बघता खाऊन टाकला असता. मग मला दोन दिवस पाण्याने भरून ठेवले. फळ्या फुगल्या आणि सगळ्या फटी बुजल्या. सुतार जाताना म्हणाला, यात पिण्याचे पाणी साठवले तरी चालेल. मी फुशारलो. आपल्या नशिबी पाणीच येणार, असे मला खरेच वाटले. ताज्या लाकडाचा तो वास मला अजून आठवतो. त्यानंतर चांगला म्हणावा असा वास मी घेतलेला नाही.

तिसऱ्या दिवशी माझे दार उघडले आणि दोन माणसांनी पहिले कातडे आत फेकले. ओल्या गोधडीसारखे जड, गार, आणि स्पर्श असा की जणू एखाद्याने आपली जीभच माझ्या अंगावर टाकली. त्याच्या मागून दुसरे, तिसरे, असे करत साठ. माझ्याकडे येण्याआधी ही कातडी चुन्याच्या कुंड्यांमध्ये पडून असतात. त्या कुंड्यांत चुना आणि सल्फाइड नावाचा गंधकाचा एक क्षार घालतात. त्याने केस गळतात, नुसते गळत नाहीत, विरघळून त्यांची राखाडी लापशी होते. त्या लापशीवर फेस येतो. फेसावर माशा बसतात. एखादी माशी त्यात अडकते आणि तिचे पाय तेवढे हलत राहतात. मग कातडी बाहेर काढून मागची चरबी धारदार पात्याने खरवडतात. ती पिवळी, लोंबती चरबी ढिगाने कोपऱ्यात पडलेली असते. तीस वर्षे झाली, पहिल्या दिवशी मला जी शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मला घाणीची किळस आहे, घाणीत हात घालणाऱ्यांची नाही. कधी कधी कारखाना बघायला पाहुणे येतात. चकचकीत बूट घालून येतात, नाकाला रुमाल लावतात आणि कातड्यांकडे बघून जेवढे तोंड वाकडे करतात त्याहून जास्त माणसांकडे बघून करतात. त्या वेळी मला कातड्यांपेक्षा त्या पाहुण्यांची किळस येते.

आता आम्लाविषयी. गंधकाम्ल दिसायला अगदी साळसूद. तेलासारखे जाडसर, बिनरंगाचे, बिनवासाचे. पण त्यात कोणी पाणी ओतले तर ते इतके तापते की पाणी जागच्या जागी उकळून तोंडावर उडते. म्हणून आधी पाणी घ्यायचे आणि त्यात बारीक धारेने आम्ल सोडायचे. उलटे करणाऱ्याच्या हातावर त्याचे डाग जन्मभर राहतात. माझ्या पोटात घालतानाही क्रम ठरलेला आहे. आधी पाणी आणि मीठ, मग पातळ केलेले आम्ल, तेही तीन वेळा, मधे अर्धा अर्धा तास मला फिरवून. मीठ राहून गेले तर कातडे आंबट पाणी पिऊन फुगते. एकदा तसे झाले होते. साठच्या साठ कातडी थलथलीत होऊन माझ्या खुंट्यांना लोंबत राहिली. हाताने ओढली की फाटत. दोन दिवस ती माझ्या पोटात होती. त्या दोन दिवसांविषयी मी जास्त बोलत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. आम्लाचे आणि चुन्याचे हाडवैर आहे. कातड्याच्या आत खोलवर राहिलेला चुना आम्ल शोधून काढते आणि संपवते. ते संपवताना स्वतःही संपते, पण चुना समोर असताना ते स्वस्थ बसत नाही. माझे सगळे काम या वैरावरच चालते.

हे काम वस्तादांच्या हाताखाली चाले. वस्ताद म्हणजे आमच्या शेडचे प्रमुख कारागीर. मी आलो तेव्हापासून ते इथे आहेत. आम्ल पुरेसे झाले की नाही हे ते कसे ठरवत, ऐका. माझ्या बुचाजवळून थोडे पाणी काढत, त्यात करंगळी बुडवत आणि ती जिभेला लावत. साठ कातड्यांचे धुवण! मग डोळे मिटून क्षणभर विचार करत, बाजूला थुंकत आणि म्हणत, "अजून थोडं हवं." बहुतेक वेळा त्यांचे बरोबर निघे. पण त्यांच्या दातांची टोके झिजून काचेसारखी झाली होती, आणि ती करंगळी तोंडाकडे निघाली की मला फिरणे थांबवून डोळे मिटावेसे वाटत.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी तो कुंड्यांजवळ ओकायचा आणि सगळे हसायचे. काही आठवड्यांनी त्याला वास यायचा बंद व्हायचा. ज्या दिवशी तो कुंडीच्या काठावर बसून डबा खाई, त्या दिवशी वस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "नाक मेलं, माणूस पक्का झाला." ही इथली पदवीच होती. वस्तादांच्या स्वतःच्या मुलाला ती आठ दिवसांत मिळाली. त्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊ मनाने चांगला, सदा गुणगुणणारा, कुणाचेही जड ओझे आपणहून उचलणारा. पण त्याला आपल्या मेल्या नाकाचा फार अभिमान. पाहुण्यांसमोर तो मुद्दाम कुंडीवर वाकून खोल श्वास घेई आणि छान थंड हवा असल्यासारखा चेहरा करी. मला ते बघवत नसे.

मग त्याची बायको कामाला आली. आमचा चाचणी करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. ती लग्नाआधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून मालकांनीच तिला बोलावले. वस्तादांना ते फारसे रुचले नव्हते. तिने माझ्याजवळच टेबल मांडले. ती कातड्याच्या जाड भागातून सुरीने एक चीर काढी आणि त्या चिरेवर बाटलीतले हिरवे औषध थेंब थेंब टाकी. जिथे आम्ल पोचले तिथे औषध पिवळे होई. मधे निळी रेघ राहिली तर आत अजून चुना आहे, ढोल आणखी फिरवायचा. करंगळीची गरजच उरली नाही. पहिल्यांदा मला वाटले, या जागेत कुणीतरी आपले आले.

पहिल्या दिवशी ती ओकली. सगळे हसले, भाऊही हसला. दुसऱ्या दिवशीही ओकली. महिना झाला, वर्ष झाले, पण ती काही पक्की झाली नाही. ती रोज सकाळी शेडमध्ये शिरताना तोंड वाकडे करी, नाकावर रुमाल बांधी, दर तासाला बाहेर जाऊन पाच मिनिटे मोकळ्या हवेत उभी राही. लोकांनी तिचे नाव नाकमुरडी ठेवले. भाऊ डबा खाताना सांगत असे की आमच्या घरात दोन खोल्या आहेत, पण हिला नाकासाठी तिसरी हवी. ती पण हसे. ती सगळ्यांच्या कपबशीतून चहा घेई, चरबी खरवडणाऱ्या बाईच्या हाताला जखम झाली तर ती स्वतः धुऊन बांधी. माणसांची तिला कधी घाण वाटली नाही. वासाशी मात्र तिने कधी जुळवून घेतले नाही.

आता भिंतीकडे येतो. शेडच्या फरशीत दोन गटारे आहेत. एकातून चुन्याच्या कुंड्यांचे पाणी जाते, म्हणजे ती केसांची लापशी. दुसऱ्यातून माझे आम्लाचे पाणी. दोन्ही पाणी एकत्र होता कामा नये, हा इथला सगळ्यात जुना नियम. सल्फाइडच्या पाण्यात आम्ल पडले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू उठतो. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खड्ड्यात साचून राहतो. थोडा असेल तर डोके दुखते, जास्त असेल तर माणूस उभ्याचा आडवा होतो. एवढे ठाऊक असूनही, ज्याने ही शेड बांधली त्याने दोन्ही गटारे शेजारी शेजारी काढली आणि मधे सिमेंटची एकच वीतभर भिंत ठेवली.

मी त्या भिंतीपलीकडे बघून मनातल्या मनात नेहमी तोंड फिरवत असे. त्या गटारात काय काय वाहते, शी! माझे पाणी बघा, नितळ, बिनवासाचे. मला वाटे, या सगळ्या घाणीत एकटा मीच काय तो सोवळा.

दर वेळी माझे बूच काढले की नाकमुरडीला दोन-चार श्वास कुजक्या अंड्यांचा वास येई. बाकी कुणाला येत नसे. तिने तो वास कुठून येतो ते शोधायचे ठरवले. गटाराजवळ उकिडवी बसून, रुमाल खाली करून, ओकारी आवरत ती इंचाइंचाने पुढे सरकली. भिंतीच्या मध्यावर तिला पांढरा भुसभुशीत भुगा दिसला आणि त्यावर बारीक बुडबुडे. माझे नितळ पाणी गेली कित्येक वर्षे त्या सिमेंटमधला चुना खात बसले होते. ती भिंत इतकी पातळ झाली होती की एका जागी बोट पलीकडे जाई.

तिने ते सासऱ्यांना दाखवले. वस्तादांनी घमेलेभर सिमेंट कालवले, भोकावर थापले आणि हात धुतले. दोन महिन्यांत ते पुन्हा भुसभुशीत झाले. तिने पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा थापले. तिसऱ्या वेळी ती जरा धीर करून बोलली. "बाबा, सिमेंटमध्येही चुनाच असतो. ढोलाचं पाणी तो खाणारच. इथं आम्ल सोसणाऱ्या फरश्या बसवाव्या लागतील, नाहीतर ढोलाचं गटार तरी हलवावं लागेल."

वस्तादांनी थापी खाली ठेवली नाही. ही भिंत आपण तीस वर्षे बघतो आहोत, असे ते म्हणाले. आणि चारचौघांत वर हेही म्हणाले की नाक मुरडायला आमच्या सूनबाईला आता एक भिंतही सापडली. लोक हसले. ती खाली मान घालून टेबलाकडे गेली. पालथ्या घड्यावर पाणी. मालकांच्या कानावर तिने घातले, तेव्हा हा हंगाम संपू दे, मग बघू, असे उत्तर मिळाले. खरे सांगतो, तेव्हा मलाही त्या भुग्याची फारशी काळजी वाटली नाही. भिंत पडली तर पलीकडची घाण माझ्या स्वच्छ पाण्यात येईल, एवढीच मला धास्ती होती.

मग तो दिवस आला. वेळ दुपारची, जेवणानंतरची. चुन्याच्या गटाराच्या टोकाला एक हौद आहे, माझ्यापासून दहा पावलांवर, पुरुषभर खोल. त्याच्या जाळीत केस आणि चरबी अडकून गटार तुंबले होते. राखाडी फेस फरशीवर आला होता. कुणालातरी आत उतरून ते फावड्याने काढावे लागणार होते. भाऊ आपणहून पुढे झाला. रबरी बूट चढवले, पाठीवर पट्टे असलेला रबरी ॲप्रन बांधला आणि शिडीने उतरला. मांड्यांपर्यंत त्या लापशीत उभा राहून तो गुणगुणायला लागला.

आत माणूस असताना कुंड्यांच्या झडपा उघडायच्या नाहीत, हा नियम. प्रत्येक झडपेला लाल फडके बांधायचे. आपलाच मुलगा उतरणार म्हणून वस्तादांनी सगळी फडकी स्वतः बांधली, प्रत्येक गाठ ओढून बघितली. माझ्या बुचाला मात्र फडके नाही. का बांधावे? माझे पाणी तर दुसऱ्या गटाराचे. नियमाप्रमाणे सगळे चोख झाले होते.

नाकमुरडीने माझ्या पोटातले कातडे चिरून औषध टाकले. आरपार पिवळे. तिने वस्तादांना, झाले आहे, अशी खूण केली. वस्तादांनी माझे बूच ओढले आणि माझे पाणी धो धो गटारात पडले.

आधीच्या थापलेल्या सिमेंटचा तुकडा मी निखळताना पाहिला. तो पडला आणि माझे पाणी आडव्या धारेने पलीकडे जायला लागले. तिथून ते थेट हौदाकडे निघाले. तुम्ही म्हणाल, तू ओरडला का नाहीस. मित्रांनो, आयुष्यात कधी नव्हे ते त्या वेळी मला वाटले की कुणीतरी खरेच मला वाजवावे.

नाकमुरडीने मान वर केली. रुमालातूनही तिला तो वास आला होता, नेहमीच्या कितीतरी पट. तिने वस्तादांना विचारले, कुजकट वास येतोय का. ते म्हणाले, रोजचाच आहे. ती उठली, हौदाच्या दिशेने चार पावले गेली आणि एकदम थांबली. वास गेला होता. अजिबात येत नव्हता. चरबीचा नाही, चुन्याचा नाही, कशाचाच नाही. वर्षभर जी बाई एक श्वास सुखाने घेऊ शकली नव्हती, तिच्या नाकाला आता काहीच लागेना, आणि ती पांढरीफटक पडली. हा वायू वाढला की आधी नाक मारतो, हे तिने पुस्तकात वाचलेले होते. वास जात नाही, आपले नाक जाते.

श्वास रोखून ती उलटी पळाली आणि पळता पळता माझे बूच बंद करा म्हणून ओरडली. दोघांनी झेप घेऊन बूच ठोकले. सगळ्यांच्या आता लक्षात आले की गुणगुणणे थांबले आहे. कुंडीच्या काठावर चढून मान उंचावल्यावर दिसले. भाऊ हौदाच्या भिंतीला टेकून, फावडे हातात धरून, दमून बसल्यासारखा त्या लापशीत बसला होता. लापशी त्याच्या छातीपर्यंत होती आणि मान एका बाजूला कलत चालली होती.

वस्ताद शिडीकडे धावले. त्यांचा एक पाय पहिल्या पायरीवर पडला असेल नसेल, नाकमुरडीने मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांना फरशीवर पाडले. ज्या सासऱ्यांसमोर ती कधी मोठ्याने बोलली नव्हती, त्यांना तिने गटाराच्या कडेने फरफटत मागे ओढले.

"सोड," वस्ताद म्हणाले. "माझा पोरगा आहे तो."

"माझा नवरा आहे. बाबा, तुम्ही उतरलात तर तिथंच पडाल. मग मी दोघांना काढू कशी?"

त्यांनी तिला शिवी दिली. तुला काळीज नाही, असे म्हणाले. तिने सोडले नाही. ओरडून तिने दोघांना शेडची मोठी दारे उघडायला लावली, तिघांना कातडी वाळवायचा मोठा पंखा आणायला पिटाळले. रंग फवारायला दाबाची हवा आणणारी रबरी नळी तिने स्वतः हौदात सोडली. पंखा येईपर्यंत किती वेळ गेला असेल? मी मोजला नाही. मोटार बंद होती, मी निश्चल होतो, आणि ती एका हाताने नळी सोडत दुसऱ्या हाताने सासऱ्यांची बाही धरून उभी होती. आत भाऊची हनुवटी लापशीला टेकायला आली होती.

पंखा सुरू झाला. मग तिने भिंतीला टेकवलेली आकडी उचलली. कुंडीतून कातडी ओढायला ही लांब बांबूची लोखंडी आकडी वापरतात. ती तिने वस्तादांच्या हातात दिली. "पाठीवरच्या पट्ट्यात अडकवा. तुमच्याइतकं नेमकं कुणाला जमणार नाही. श्वास रोखून पुढं जा, जमलं नाही तर परत या, पुन्हा जा."

वस्ताद श्वास रोखून पुढे गेले. पहिल्या वेळी आकडी हुकली. तीस वर्षांत मी त्यांची आकडी हुकलेली पाहिली नव्हती. ते मागे आले, हवा घेतली, पुन्हा गेले. या वेळी आकडी पट्ट्यांच्या फुलीत बसली. पाच जणांनी बांबूला हात घातला आणि भाऊला हौदाच्या भिंतीवरून वर ओढले, अगदी कातडे ओढतात तसे. केसांची लापशी त्याच्या तोंडातून, नाकातून ओघळत होती. त्याला ओढून अंगणात नेईपर्यंत फरशीवर मागे राखाडी पट्टा उमटला. मित्रांनो, मी साठ साठ कातडी पोटात घेतली आहेत, पण जितेजागते माणूस त्यांच्यासारखे ओढलेले पाहिल्यावर मला जी मळमळ आली तिला तोड नाही. आणि ती त्या लापशीची नव्हती. ज्या वायूने त्याला पाडले तो माझ्या पाण्यामुळे उठला होता. माझ्या नितळ, बिनवासाच्या, सोवळ्या पाण्यामुळे.

अंगणात तिने बोटांनी त्याचे तोंड साफ केले. जिला शेडमधली हवा सोसत नव्हती तिने ती लापशी मुठीमुठीने बाहेर काढली. बऱ्याच वेळाने त्याच्या घशातून घरघर आली. मग गाडी आली आणि त्याला दवाखान्यात नेले. ती गाडीत चढण्याआधी कोपऱ्यात जाऊन ओकली. या वेळी कुणी हसले नाही.

तीन दिवसांनी मालक कागद घेऊन शेडमध्ये आले. भाऊ जगणार असे डॉक्टरांनी सांगितले होते, तेव्हा आता उगाच फाटे फुटायला नकोत, असे त्यांचे म्हणणे. जेवण करून लगेच आत उतरला, चक्कर आली, असे त्यात लिहिले होते; वस्तादांनी खाली सही करावी. वस्तादांनी कागद घेतला, वाचला आणि माझ्याजवळच्या टेबलाशी उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर परत दिला.

"चक्कर नाही," ते म्हणाले. "भिंतीला भोक होतं. सूनबाईनं तीनदा दाखवलं आणि मी तीनदा लिंपलं. असं लिहा, मग सही करतो."

मालक म्हणाले, यात तुमचेच नाव खराब होईल. वस्ताद म्हणाले, होऊ दे. त्यांनी लोखंडी पहार घेतली आणि त्याच दुपारी ती भिंत मुळापासून फोडली. आत सगळा पांढरा भुगाच होता. वीतभर जाडीत कडक सिमेंट नखाएवढे उरले नव्हते. माझ्यासाठी नवे गटार शेडच्या दुसऱ्या टोकाला काढले, आम्लाला दाद न देणाऱ्या भाजक्या फरश्यांचे. ते होईपर्यंत दोन महिने मी बंद होतो. माझ्या फळ्या सुकून आकसल्या, फटी पडल्या, आणि आता माझ्या जागी नवा ढोल येणार असे ऐकतो. मला फोडाल तेव्हा एक करा, माझे लाकूड चुलीत घालू नका. मीठ आणि आम्ल प्यायलेल्या लाकडाचा धूर चांगला नसतो.

आणखीही सांगायचे आहे. तुमच्या घरात मोरी धुवायच्या बाटल्या असतात. एकीत आम्ल असते, दुसरीत डाग पांढरे करणारे औषध. दोन्ही एकदम ओतलीत तर फरशी जास्त स्वच्छ होईल असे वाटते. तसे होत नाही. त्यातूनही विषारी वायूच उठतो. बाटलीवरचे वाचा, एका वेळी एकच ओता, खिडकी उघडी ठेवा. आणि वर्गात, घरात कुणी नाक मुरडून म्हणाले की इथे कसला तरी वास येतोय, तर त्याला हसण्याआधी उठून बघा. घाणीची सवय होणे यात मोठेपणा नाही. मी तीस वर्षे किळस केली, पण ती दुसऱ्यांच्या घाणीची. स्वतःच्या पाण्याकडे कधी वळून बघितले नाही. तुम्ही बघत जा.

भाऊ चार महिन्यांनी परत आला. आता तो कुंड्यांकडे नसतो, पलीकडच्या खोलीत तयार चामड्याची प्रतवारी करतो. कधी कधी बोलता बोलता शब्द विसरतो. नाक कायमचे गेले. साबणाचा वास नाही, चहाचा नाही, बायकोच्या केसांचा नाही. पलीकडच्या खोलीत जायला त्याला या शेडमधूनच वाट आहे. म्हणून सकाळी तो दाराबाहेर उभा राहतो. नाकमुरडी एकटी आत येते. रुमाल खाली ओढते, कुंड्यांपाशी जाते, हौदापाशी जाते, माझ्यापाशी येते, आणि प्रत्येक ठिकाणी मुद्दाम छातीभर श्वास घेते. अजूनही तिला उमासे येतात, डोळ्यांत पाणी येते. सगळी घाण रोजचीच आहे अशी खात्री झाली की ती वाकड्या तोंडानेच दाराकडे वळून त्याला म्हणते, "या." मग तो आत येतो. वस्ताद त्याच्यामागे उभे असतात, आणि तेही तोवर उंबरा ओलांडत नाहीत.